शाळेचा कारभार आणि पक्षाचा शिक्का

जून महिना उजाडून शाळांची कुलपे निघाली की खेडोपाडी आणखी एक काम निघते. ज्या शाळांच्या व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपलेली असते, तेथे पालकसभा बोलावून नवी समिती निवडावयाची असते. या निवडीला वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही. तीत सभा गाजत नाहीत, मिरवणुका निघत नाहीत. परंतु वाचकहो, ज्या आईबापांचे मूल त्या शाळेत बसते, त्यांच्या दृष्टीने या निवडीचे मोल विधानसभेच्या निवडणुकीपेक्षा तिळभरही कमी नाही. मुंबईत कोणाचे मंत्रिमंडळ आहे याचा परिणाम त्यांच्या दारी पोहोचावयास वर्षे लागतात. शाळेच्या समितीत कोण बसले आहे याचा परिणाम मात्र त्यांच्या मुलाच्या ताटात आणि पाटीवर दुसऱ्याच दिवशी दिसतो.

अशा एका निवडीची हकीकत वकिलीच्या निमित्ताने आमच्या कानी आली. एक भगिनी आपल्या भावासह आमच्याकडे आली होती. ती शेतमजुरी करणारी, सातवीपर्यंत शिकलेली. तिची दोन मुले गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. ती विहारात नेमाने वंदनेला जाते, आणि आपल्या चळवळीच्या एका पक्षाची सभासदही आहे. पालकसभेत कोणीतरी तिचे नाव सुचविले. तोच एक गृहस्थ उठून म्हणाले, "ताई, तुम्ही पक्षाच्या बाई. शाळेत राजकारण नको." सभा गप्प बसली आणि नाव मागे पडले. तिच्या जागी ज्यांची निवड झाली त्यांचाही मुलगा त्याच शाळेत आहे, म्हणून त्यांच्या पात्रतेविषयी आमची तक्रार नाही. मात्र ते गृहस्थ गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन असून गेल्या पंचायत निवडणुकीत एका पॅनेलचे प्रमुख होते. त्यांची ओळख सभेला 'सामाजिक कार्यकर्ते' अशी करून देण्यात आली. ती भगिनी आम्हांस एवढेच विचारीत होती, "साहेब, पक्षात असणे हा गुन्हा आहे काय?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला त्याच दिवशी दिले. परंतु हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून त्याची चर्चा येथे करावी असे आम्हांस वाटते. शाळेच्या कारभारात बसावयाच्या माणसाचा राजकीय पक्ष पाहावा की पाहू नये? पक्षाचे सभासदत्व ही शाळेच्या कारभाराची पात्रता नव्हे, आणि ती अपात्रताही नव्हे, असे आमचे मत आहे. पाहावयाचे ते त्या माणसाचे वर्तन आणि त्याचा स्वार्थ. या मताची कारणे आम्ही क्रमाने सांगतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ घटनेत आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्या हक्काला देह देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीविषयी आहे. समितीत स्थानिक स्वराज्य संस्थेचे निवडून आलेले प्रतिनिधी, पालक आणि शिक्षक असावेत. सभासदांपैकी निदान तीन-चतुर्थांश पालक असावेत. निम्म्या स्त्रिया असाव्यात. वंचित गटांतील व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे. शाळेच्या कामावर देखरेख करणे, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो यावर लक्ष ठेवणे, ही समितीची कामे. २०१२ सालच्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या आणि इतर अनुदानित शाळांत समितीचे काम सल्ल्यापुरते ठेवले. परंतु जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत, म्हणजे जेथे आमची बहुसंख्य गरीब मुले शिकतात तेथे, समितीचे अधिकार पूर्ण आहेत.

या संपूर्ण कलमात पक्षाचा उल्लेख कोठेही नाही. इतकेच नव्हे, तर कायद्याने समितीत निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला मुद्दाम जागा दिली आहे. जिल्हा परिषदेचा सभासद पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्या राज्यात पक्षाच्या चिन्हावर होत नाही हे खरे. परंतु कोणते पॅनेल कोणत्या पुढाऱ्याचे, हे गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा ज्या कायद्याने पक्षीय माणसाला दाराने आत घेतले, त्याच कायद्याच्या नावाने एका मजूर आईला तिच्या पक्षासाठी बाहेर ठेवणे हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

दुसरी गोष्ट घटनेची. कलम १९ (१) (क) अन्वये संघटना स्थापन करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. समितीची जागा हा काही कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, हे आम्ही मान्य करतो. सभा एकाला निवडील आणि दुसऱ्याला निवडणार नाही. परंतु निवड न होणे निराळे, आणि नाव पुकारण्याआधीच पक्षाच्या कारणास्तव ते बाद ठरणे निराळे. पहिल्या गोष्टीत सभेचे मत आहे. दुसऱ्या गोष्टीत घटनेने दिलेला हक्क बजावल्याबद्दल शिक्षा आहे.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ सालचा एक निर्णय आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. मध्य प्रदेशात नगरपालिकेची एक शाळा सरकारने आपल्या ताब्यात घेतली आणि तेथील एक शिक्षक सरकारी नोकरीत आला. पुढे पोलिसांनी कळविले की हा मनुष्य राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कार्यात भाग घेत असे. तेवढ्यावरून त्याची नोकरी संपविण्यात आली. उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारची याचिका फेटाळून लावली. पूर्वीच्या राजकीय संबंधांसाठी माणसाला शिक्षकाच्या नोकरीतून घालविणे हे घटनेच्या समतेच्या आणि स्वातंत्र्याच्या हमीशी विसंगत आहे, असा या निर्णयाचा आशय आहे.

संघाचा आणि जनसंघाचा मार्ग आमचा नव्हे, हे सांगावयास नकोच. तरीही आम्ही या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. आपल्या माणसाच्या स्वातंत्र्याचा कैवार कोणीही घेईल. जो आमच्या विरुद्ध पक्षात आहे, त्याच्याही स्वातंत्र्याला तेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे आम्ही म्हणू तेव्हाच आमच्या बोलण्याला तत्त्वाचे वजन येईल. उद्या एखाद्या गावी आमच्या लोकांची बहुसंख्या असेल आणि तेथे दुसऱ्या पक्षाच्या पालकाला कोणी "तुम्ही पक्षाचे" म्हणून बाजूस सारील, तर आम्ही त्या पालकाच्या बाजूने उभे राहू.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सरकारी नोकरांना सेवेत असताना वर्तणुकीचे नियम लागू असतात, आणि त्या नियमांनी त्यांस पक्षीय राजकारणात भाग घेण्याची मनाई केली आहे. समितीतील शिक्षक सभासदाने आपणांस लागू असलेले नियम पाळलेच पाहिजेत. परंतु पालक हा सरकारचा नोकर नव्हे. तो समितीत बसतो तो मुलाचा बाप किंवा आई म्हणून. शिक्षकाला लागू असलेले बंधन पालकाच्या गळ्यात बांधणे ही शुद्ध दिशाभूल होय. आणि शिक्षक झाला म्हणून तो राजकारणापासून अस्पर्श राहावा असेही घटनाकारांना वाटले नाही. ज्या राज्यांत विधान परिषद आहे तेथे तिच्या सुमारे एक-द्वादशांश जागा माध्यमिक व त्यावरील शिक्षकांच्या मतांनी भराव्यात, असे घटनेच्या कलम १७१ मध्ये लिहिले आहे.

आता तिसऱ्या आणि आमच्या मते मुख्य मुद्द्याकडे येऊ. "शाळेत राजकारण नको" हे वाक्य कोणाच्या तोंडी असते आणि ते कोणत्या वेळी उच्चारले जाते, याकडे वाचकांनी नीट पाहावे. गावचा पुढारी झेंडावंदनाला पहिल्या खुर्चीवर बसतो, तेव्हा ते राजकारण नसते. वर्गखोलीच्या बांधकामाचे काम त्याच्या मेहुण्याला मिळते, तेव्हाही ते राजकारण नसते. परंतु एखादी आई उठून विचारते की पोषण आहाराच्या पंगतीत आमची मुले एका टोकाला का बसतात, आहार शिजविण्यास आमच्या वस्तीतील बाई का चालत नाही, की लगेच राजकारण सुरू होते! एखादा बाप म्हणतो की आम्ही १९५६ साली बुद्धाला शरण गेलो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आमच्या मुलाला देवीच्या पूजेला हात जोडावयास लावू नका. तो तर ठार राजकारणी ठरतो. वस्तुतः तो घटनेतील एक कलम बोलत असतो. सर्वस्वी सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही, विद्यार्थी अज्ञान असल्यास, पालकाच्या संमतीवाचून त्याला धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असे कलम २८ सांगते.

ज्यांच्या हाती गाव आहे त्यांना पक्षाची गरज भासत नाही. त्यांची जमीन, त्यांची सोसायटी आणि त्यांची भावकी हाच त्यांचा पक्ष असतो. त्याला पावतीपुस्तक लागत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही. ज्यांच्या हाती काहीच नाही, त्यांना एकत्र येण्यासाठी पक्ष लागतो, आणि त्याची पावती खिशात असते म्हणून तो चटकन दिसतो. सबब पक्ष हाच निकष धरला, तर चाळणीतून नेमके दुर्बल तेवढे गळतात आणि सबळ वर राहतात. समतेच्या भाषेत विषमता कशी जपली जाते, याचे हे उदाहरण आहे.

हा अनुभव नवा नाही. १९२३ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा कारभार सरकारकडून स्थानिक मंडळांकडे गेला. कागदावर तो लोकसत्तेचा विजय होता. परंतु स्थानिक मंडळ म्हणजे कोण, हा प्रश्न अस्पृश्य मुलाच्या बापाला पडल्यावाचून राहिला नाही. ज्यांनी विहीर आणि देऊळ बंद केले होते, त्यांच्याच हाती शाळेची किल्ली गेली. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील दलित वर्गाच्या शिक्षणाच्या स्थितीविषयी स्वतंत्र निवेदन सादर केले. कारभाराच्या जागी आपला माणूस असल्यावाचून आपल्या मुलाचा वाटा आपल्याला मिळत नाही, हा त्या काळाचा धडा आजही जुना झालेला नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या पदावर असतानाच १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली आणि १९३७ साली ते विधानसभेवर निवडून आले. एका माणसाच्या ठायी शिक्षणसंस्थेची जबाबदारी आणि पक्षाचे नेतृत्व या दोन्ही गोष्टी नांदू शकतात, याला आणखी पुरावा तो कोणता हवा? पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १९४२ साली स्थापन झाले असतानाही, त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही निराळी संस्था काढली. १९४६ साली तिचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली राहिली. त्यांनी आपला पक्ष कोणापासून लपविला नाही, आणि आपले महाविद्यालय पक्षाची शाखाही होऊ दिले नाही. हे दोन्ही धडे एकत्र घ्यावयाचे आहेत. त्यांतला एकच घेऊन दुसरा टाकणारे आमच्यातही पुष्कळ आहेत.

कारण विरुद्ध बाजूच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. समितीची खुर्ची ही पंचायतीच्या खुर्चीची पहिली पायरी समजणारे लोक आहेत. गणवेशाच्या कापडापासून शौचालयाच्या दारापर्यंत प्रत्येक खर्चात आपल्या माणसाचा वाटा शोधणारे आहेत. आपल्या गटात न येणाऱ्या शिक्षकाला बदलीची धमकी देणारे आहेत. असे लोक इतरांत आहेत तसे आमच्यातही आहेत, हे कटु सत्य आम्ही लपविणार नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची किती शकले झाली ते वाचक जाणतात. त्या शकलांचे भांडण जेव्हा शाळेच्या समितीत येते, तेव्हा एका गटाचा पालक दुसऱ्या गटाच्या पालकाला पाडण्यासाठी तिसऱ्याच्या दारी जातो. नुकसान होते ते दोन्ही गटांच्या मुलांचे.

परंतु या रोगावर पक्षबंदी हे औषध नव्हे. न्यायशास्त्राचा जुना नियम असा की, कोणीही स्वतःच्या कामात स्वतः न्यायाधीश होऊ नये. हा नियम न्यायाधीशाची मते तपासीत बसत नाही, त्याचा स्वार्थ तपासतो. तोच नियम समितीला लावावा. ठेक्याचा विषय निघाला आणि ठेकेदार सभासदाचा आप्त असला, तर त्या सभासदाने बैठकीतून उठून जावे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो किंवा कोणत्याच पक्षाचा नसो. पक्षाची पावती जाळून टाकलेला मेहुणा हा मेहुणाच राहतो.

म्हणून आम्ही आमच्या वाचकांपुढे काही संकेत ठेवीत आहोत. यांतील बहुतेक संकेत कायद्यात लिहिलेले नाहीत. ज्याने त्याने ते आपल्या खुशीने पाळावेत, आणि आमच्या कार्यकर्त्यांनी ते इतरांआधी पाळावेत. पालकसभेत उभे राहताना आपला पक्ष विचारला तर तो उघड सांगावा, कारण लपविलेल्या पक्षाइतका संशय उघड पक्षाने येत नाही. पक्षाचा झेंडा, बिल्ला आणि वर्गणीचे पुस्तक शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावे. शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर पक्षाच्या पुढाऱ्यांची नावे छापू नयेत. समितीचा अध्यक्ष कोणत्याही निवडणुकीस उभा राहिला, तर अर्ज भरल्यापासून मतमोजणी होईपर्यंत त्याने अध्यक्षपदाचे काम उपाध्यक्षाकडे सोपवावे. समितीची बैठक दरमहा व्हावी, इतिवृत्त त्याच बैठकीत लिहिले जावे, आणि अनुदानाचा हिशेब पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे हिशेब मोठ्याने वाचला जातो तेथे गटबाजीला अंधार मिळत नाही.

एक व्यावहारिक सूचना बौद्ध पालकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. कलम २१ प्रमाणे वंचित गटांच्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा मिळावयास हवी, आणि वंचित गटांत अनुसूचित जातींचा स्पष्ट समावेश आहे. काही ठिकाणी असे सांगण्यात येते की, जनरल रजिस्टरात तुमचा धर्म बौद्ध लिहिला आहे, तेव्हा तुम्ही अनुसूचित जातीत मोडत नाही. हे चूक आहे. धर्मांतरित बौद्धांना सवलती देण्याचे धोरण महाराष्ट्र राज्याने १९६० सालीच स्वीकारले, आणि १९९० साली संसदेने १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा त्यात समावेश केला. सबब बौद्ध म्हणून नोंद असलेला अनुसूचित जातीचा पालक आपला धर्म न लपविता या जागेवर हक्क सांगू शकतो. धर्मही सोडावयास नको, पक्षही लपवावयास नको आणि हक्कही गमवावयास नको. त्यासाठी जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा म्हणजे झाले.

पालकसभेत अन्याय झाला तर काय करावे? प्रथम त्याच सभेत उभे राहून आपला आक्षेप इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. ते नाकारले गेल्यास गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली सभेचे इतिवृत्त, हजेरीपट आणि समितीची यादी यांच्या प्रती मागाव्यात. कोणत्या वर्गातील किती मुले शाळेत आहेत आणि त्यांचे किती पालक समितीत आहेत, हे आकडे शेजारी शेजारी मांडले की पुष्कळदा वादाची गरजच उरत नाही. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कागद मात्र कपाटात राहतो आणि अधिकारी बदलला तरी बोलतो.

त्या भगिनीला आम्ही हेच सांगितले. ताई, पक्षात असणे हा गुन्हा नाही, आणि ती तुमची पात्रताही नाही. तुमची पात्रता एवढीच की तुमची दोन मुले त्या शाळेच्या फरशीवर बसतात. ती पात्रता तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. परंतु उद्या तुम्ही त्या समितीत बसाल, तेव्हा तुमच्या शेजारी ज्या आईचे मूल बसते, तिचा पक्ष तुम्ही विचारू नका. तिचे मूल वाचावयास शिकले की नाही, एवढेच विचारा.

वाचकहो, ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या ओट्याखाली उभे केले गेले, त्याच्या मुली आज शाळेच्या कारभाराच्या मेजापाशी बसावयास निघाल्या आहेत. त्यांना "राजकारण" या एका शब्दाने परत फिरविता येईल असे ज्यांना वाटते, त्यांनी तो शब्द जपून वापरावा. आणि ज्यांना ती जागा मिळेल, त्यांनी ती पक्षाची मालमत्ता समजू नये. ती मुलांची ठेव आहे. जय भीम!